ग्राहक म्हणतो, उद्यम नोंदणी रद्द करा: ४५ दिवसांच्या नियमाचे काय करावे?

धागालेखक: भोसरीची_लेथ

नमस्कार मंडळी. एका प्रश्नाचे उत्तर मला येत्या पंधरवड्यात द्यायचे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

भोसरीत आमचे छोटे वर्कशॉप आहे. तीन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी आणि माझ्यासह अकरा माणसे. गिअरबॉक्सला लागणारे शाफ्ट आणि बुश आम्ही जॉबवर्कने करून देतो. कच्चा माल ग्राहकाचा. मशीन, इन्सर्ट, वीज आणि मजुरी आमची. आमच्या एकूण कामापैकी सुमारे ७० टक्के काम चाकणच्या एकाच कंपनीचे आहे. गेली आठ वर्षे त्यांच्याकडून पैसे ९० ते १०० दिवसांनी येतात. बिल फाडले की जीएसटी मात्र पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरावाच लागतो, त्यांचे पैसे आलेले असोत वा नसोत.

गेल्या आठवड्यात त्यांच्या खरेदी विभागाकडून ईमेल आला. त्यात म्हटले आहे की, आम्ही आमची उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंदणी) रद्द केल्याचा पुरावा द्यावा, किंवा लहान पुरवठादाराला ४५ दिवसांत पैसे देण्याचा नियम आम्हाला लागू होत नाही असे लेखी द्यावे. अन्यथा नव्या आर्थिक वर्षात आमचा व्हेंडर कोड सुरू ठेवता येणार नाही. आज त्यांच्याकडे आमचे ११ लाख ४० हजार रुपये अडकलेले आहेत.

घरात दोन मते आहेत. वडील म्हणतात, काम गेले तर नोंदणीचा कागद काय चाटायचा? धाकटा भाऊ म्हणतो, आज हे लिहून दिले तर पुढे कधीच हक्काने पैसे मागता येणार नाहीत. मला दोघांचेही पटते आणि त्यामुळेच निर्णय होत नाही. ज्यांनी हा प्रसंग पाहिला आहे, त्यांनी कृपया लिहावे.

सांगलीचा_सीए

धागालेखक, आधी नियम नेमका काय आहे ते पाहू, कारण आपल्याला पत्र लिहिणाऱ्यांनाही तो पूर्ण ठाऊक नसावा असे वाटते.

यात दोन कायदे एकमेकांना जोडलेले आहेत. पहिला २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा. त्याच्या कलम १५ नुसार खरेदीदाराने पैसे लेखी करारात ठरलेल्या तारखेपर्यंत द्यायचे, पण ती मुदत माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून ४५ दिवसांहून जास्त असू शकत नाही. लेखी करारच नसेल, तर मुदत फक्त १५ दिवसांची. म्हणजे सगळे जण ज्याला ४५ दिवसांचा नियम म्हणतात, तो करार नसलेल्यांसाठी प्रत्यक्षात १५ दिवसांचा नियम आहे. हा कायदा सुमारे सतरा वर्षे होता, पण त्याला दात नव्हते.

दात आले ते २०२३ च्या वित्त कायद्याने. आयकर कायद्याच्या कलम ४३ब मध्ये खंड (ह) घातला गेला आणि तो २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झाला. सूक्ष्म किंवा लघु उपक्रमाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर त्या खर्चाची वजावट बिलाच्या वर्षात मिळत नाही. ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी मिळते. कलम ४३ब मधल्या इतर बहुतेक देण्यांना विवरणपत्र भरण्याच्या तारखेपर्यंत पैसे देण्याची सवलत आहे. या खंडाला ती नाही.

उदाहरण घेऊ. आपण १ मार्चला माल दिला आणि करारात ४५ दिवस लिहिले आहेत. ग्राहकाने १० एप्रिलला पैसे दिले, तर त्याला मार्चअखेरच्या वर्षातच वजावट मिळते. ३० एप्रिलला दिले, तर त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी. करार नसेल तर मुदत १६ मार्चलाच संपते आणि १० एप्रिलचे पैसेही उशिराचे ठरतात. जानेवारीच्या बिलाचे पैसे उशिरा, पण ३१ मार्चपूर्वी दिले, तर वजावटीला धक्का लागत नाही. त्या उशिराचे व्याज मात्र देणे लागते.

नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा असला, तरी ही तरतूद त्यातही ठेवलेली आहे. कलमाचा क्रमांक बदलला, कटकट तीच.

म्हणून नोंदणी रद्द करण्याआधी मला एवढेच सांगा: आपल्यात आणि त्या कंपनीत मुदतीबद्दल लेखी काही आहे का?

भोसरीची_लेथ

परचेस ऑर्डरच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात ९० दिवस छापले आहेत. त्याखाली माझी सही आहे.

सांगलीचा_सीए

मग ते ९० दिवस कायद्याने ४५ वर येतात. आपल्या सहीने कायद्याची कमाल मुदत वाढत नाही.

कापडपेठ_इचलकरंजी

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण या विषयावर नेहमी खरेदीदाराला खलनायक केले जाते आणि ते मला मनापासून खटकते.

आमची कापडाची पेढी आहे, तिसरी पिढी. आम्ही यंत्रमागधारकांकडून कापड घेतो, प्रोसेसला पाठवतो आणि अहमदाबाद, दिल्ली, कोलकाता इथल्या व्यापाऱ्यांना विकतो. या बाजाराची उधारी ९० ते १२० दिवसांची आहे आणि ती आमच्या आजोबांच्या काळापासून आहे. जो रोखीने देतो त्याला वटाव (सूट) मिळतो, जो थांबवतो त्याला दर चढा लागतो; हिशेब दोन्ही बाजूंना माहीत असतो. आता सरकारने मला सांगितले की मागवाल्याला, म्हणजे यंत्रमागधारकाला, ४५ दिवसांत पैसे दे. ठीक आहे, देतो. पण माझ्याकडून माल घेणारा मला १२० दिवसांनी देतो आणि त्याला कोणताही नियम लागू नाही, कारण मी व्यापारी आहे, उत्पादक नाही. मधले ७५ दिवस मी कुठून आणायचे? बँकेकडून. त्याचे व्याज कोणाच्या खिशातून? शेवटी मागवाल्याच्याच दरातून.

२०२४ च्या मार्चमध्ये आमच्या पेठेत जे झाले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. ज्यांचे पैसे ३१ तारखेपर्यंत देणे शक्य नव्हते, त्यांचा माल परत पाठवला गेला, म्हणजे बिलच रद्द. टेम्पो भरून गाठी परत जात होत्या. १ एप्रिलनंतर त्याच गाठी नव्या बिलाने परत आल्या. यात मागवाल्याचा काय फायदा झाला? दोन वेळचे भाडे आणि हमाली गेली. व्यापाऱ्यांच्या महासंघाने याचिका केली, पण त्या वर्षीच्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ती स्वतः न ऐकता उच्च न्यायालयात जाण्यास सांगितले. आमचे म्हणणे ऐकून घेणारी जागा आम्हाला अजून सापडलेली नाही.

धागालेखकांच्या ग्राहकाची पद्धत मला मान्य नाही. नोंदणी रद्द करा असे सांगणे अयोग्यच आहे. पण तो असे का म्हणतो, हेही समजून घ्यावे.

मागावरचा_संजय

कापडपेठ, आपल्या पेढीबद्दल नाही लिहीत, पण आपल्याच गावातून लिहितो.

आम्ही खर्चीवाले. सूत व्यापाऱ्याचे, बिम व्यापाऱ्याची, कापड व्यापाऱ्याचे. आमचे फक्त माग आणि घाम. मजुरी पिकावर (कापडातल्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर) ठरते आणि दर आठवड्याला मागावरच्या कामगाराला पगार रोख द्यावा लागतो. त्याला मी सांगू शकत नाही की बाबा, अहमदाबादचा व्यापारी १२० दिवसांनी देतो, तू पण थांब. वीज बिल थकले तर महावितरण थांबत नाही. मग १२० दिवसांची ही उधारी खरे तर कोण देत होते? व्यापारी देत होता की आम्ही देत होतो?

गाठी परत आल्या हे खरे आहे. माझ्याही चार बिलांचे तसे झाले. पण त्याच मार्चमध्ये वीस वर्षांत पहिल्यांदा दोन व्यापाऱ्यांनी स्वतःहून फोन करून विचारले, "संजयराव, तुमचे किती येणे आहे?" हा फोन मी विसरणार नाही.

कापडपेठ_इचलकरंजी

संजयराव, उधारी शेवटी तुम्हीच देत होता, हे मला मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच की नियम साखळीच्या एका कडीला लावला आणि बाकीच्या मोकळ्या सोडल्या.

नीलिमा_दादर

दोघांचेही प्रतिसाद वाचून विषय पहिल्यांदा नीट समजला. धन्यवाद.

निवृत्त_शाखाधिकारी

मी एका बँकेतून निवृत्त झालो आहे आणि शेवटची नऊ वर्षे लघुउद्योगांची कर्जेच पाहिली. धागालेखकांना बँकेच्या खिडकीतून दोन गोष्टी सांगतो.

पहिली. उद्यम नोंदणी ही फक्त ग्राहकाकडून पैसे वसूल करण्याची सोय नाही. आपले कॅश क्रेडिट किंवा मशीनचे कर्ज तारणाशिवाय मंजूर झाले असेल, तर बहुधा त्यामागे सूक्ष्म व लघु उपक्रमांसाठीच्या पतहमी ट्रस्टची हमी आहे. या हमीची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ५ कोटींवरून १० कोटी झाली आहे. बँक आपल्याला अग्रक्रम क्षेत्रात (ज्यांना ठरावीक वाटा कर्ज देणे बँकांना बंधनकारक असते त्यांत) मोजते तेही याच नोंदणीवर. ती रद्द केलीत, तर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी शाखेतला अधिकारी पहिला प्रश्न तोच विचारील आणि कदाचित घराची कागदपत्रे मागील. ग्राहकाच्या एका ईमेलसाठी वडिलांचे घर तारण ठेवण्याची वेळ येऊ नये.

दुसरी. ९० दिवसांपेक्षा जुनी येणी बँका साधारणपणे ड्रॉइंग पॉवरमध्ये (माल आणि येण्यांवरून ठरणाऱ्या उचलीच्या मर्यादेत) धरत नाहीत. म्हणजे आपले ११ लाख ४० हजार नव्वदी ओलांडून गेले की त्यांच्यावर उचल मिळत नाही. आपण ग्राहकाला बिनव्याजी पैसे देता आणि त्याच वेळी आपली स्वतःची मर्यादा आक्रसते. हे माझ्यासमोर बसलेल्या किती तरी लोकांना माहीत नसे; ते म्हणत, साहेब, येणे तर आहे ना वहीत!

यावर एक सनदशीर मार्ग आहे, ट्रेड्स. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारे हे मंच आहेत. आरएक्सआयएल, एम१एक्सचेंज, इन्व्हॉइसमार्ट ही त्यांपैकी नावे. जुन्या भाषेत सांगायचे तर ही हुंडी वटवण्याची पेठ आहे. आपण बिल मंचावर टाकायचे, ग्राहकाने ते मान्य करायचे, मग बँका आणि वित्तसंस्था त्यावर बोली लावतात आणि पैसे आपल्या खात्यात येतात. मुदतीच्या दिवशी ग्राहक त्या बँकेला देतो. ग्राहकाने बुडवले, तर बँक आपल्याकडे परत येत नाही. हे सर्वात महत्त्वाचे. २०२१ मध्ये फॅक्टरिंगच्या (येणी विकत घेण्याच्या व्यवसायाच्या) कायद्यात दुरुस्ती होऊन या व्यवसायाचे दार बिगर-बँक वित्तीय कंपन्यांना अधिक मोकळे झाले. २५० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना या मंचांवर नोंदणी सक्तीची आहे. त्यासाठी ३१ मार्च २०२५ ही मुदत होती. आधी ही मर्यादा ५०० कोटींची होती.

आपल्या ग्राहकाची उलाढाल किती आहे?

भोसरीची_लेथ

३०० कोटींच्या आसपास असावी. पण मंचाबद्दल त्यांनी आम्हाला कधी काही सांगितलेले नाही.

निवृत्त_शाखाधिकारी

सांगणार नाहीत. नोंदणी सक्तीची आहे, पण प्रत्येक बिल तिथे मान्य करण्याची सक्ती नाही. ही त्या नियमातली मोठी पोकळी आहे. तरीही आपण लेखी विचारा. विचारल्याची नोंद राहते.

मृण्मयी_देयके

मी एका मोठ्या कंपनीच्या देयक विभागात काम करते, म्हणजे धागालेखकांना जिथून ईमेल येतो त्याच प्रकारच्या खोलीत बसते. आतले चित्र सांगते.

फेब्रुवारी उजाडला की आमच्याकडे एक यादी निघते: कोणत्या पुरवठादाराचा शिक्का सूक्ष्म, कोणाचा लघु, कोणाचे किती दिवस झाले. २०२३-२४ मध्ये ही यादी पहिल्यांदा केली, तेव्हा सिस्टीममध्ये निम्म्या पुरवठादारांच्या नावापुढे रकाना कोराच होता. आम्ही तीन जणींनी रात्री नऊपर्यंत बसून पुरवठादारांना फोन केले आणि प्रमाणपत्रे मागवली. आमची कंपनी २२ टक्क्यांच्या सवलतीच्या दराने कर भरते, जो अधिभार आणि उपकर धरून २५.१६८ टक्के होतो. मार्चअखेर १ कोटी रुपये मुदतीबाहेर राहिले, तर त्या वर्षी सुमारे २५ लाख १७ हजारांचा कर जादा भरावा लागतो. तो पुढच्या वर्षी वजावटीतून परत मिळतो, पण या वर्षीचा रोख पैसा जातो आणि त्याचे उत्तर वित्त प्रमुखांना द्यावे लागते. शिवाय ४५ दिवसांहून जुनी देणी असतील, तर दर सहा महिन्यांनी कंपनी कामकाज मंत्रालयाकडे त्यांचे विवरणपत्र भरावे लागते, एप्रिलअखेर आणि ऑक्टोबरअखेर. करलेखापरीक्षणाच्या अहवालातही आकडे येतात. लपवायला जागा उरलेली नाही.

हे सगळे टाळण्याचे दोन मार्ग असतात. पहिला, वेळेवर पैसे देणे. दुसरा, पुरवठादाराच्या नावापुढचा तो शिक्काच काढून टाकणे. दुसरा मार्ग बहुतेक वेळा वरिष्ठ संचालकांनी सुचवलेला नसतो. खरेदी विभागातला एखादा माणूस स्वतःच्या यादीतले लाल रकाने कमी करण्यासाठी ते ईमेल पाठवतो. म्हणून माझा सल्ला असा: उत्तर खरेदी विभागाला देऊ नका. वित्त विभागाला द्या, कंपनी सचिवांना प्रत पाठवा. भाषा नम्र ठेवा. आपली नोंदणी खरी आहे, ती रद्द करण्याचे कारण नाही, आणि आपण ४५ दिवसांचा लेखी करार करायला तयार आहात, एवढेच लिहा. ज्या माणसाच्या सहीने ताळेबंद जातो, तो असे पत्र वाचून शहाणपणाने वागतो. मी हे दोनदा पाहिले आहे.

चाकण_व्हेंडर

मृण्मयीताई, आपला सल्ला कागदावर उत्तम आहे, पण मी तसे पत्र पाठवले नाही आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. माझे प्रेस शॉप आहे. असाच ईमेल मला २०२४ मध्ये आला. मी नोंदणी रद्द केली. पैसे पूर्वीसारखेच ८०-९० दिवसांनी येतात, पण काम वाढले, दोन नवे प्रेस घेतले. ज्या तिघांनी हक्क दाखवला, त्यांच्यातल्या एकाचे डाय (साचे) परत गेले, म्हणजे कामच गेले. धागालेखकांचे ७० टक्के काम एकाकडे आहे, हे विसरून सल्ला देऊ नका. दुसऱ्याच्या पोटावर तत्त्व सांगणे सोपे असते.

नागपूर_वकील

चाकण_व्हेंडर यांचा अनुभव मी हलक्यात घेत नाही. पण आपण काय दिलेत, ते एकदा पाहावे.

उशीर झालेल्या रकमेवर कलम १६ नुसार रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज मिळते. २०२३-२४ मध्ये बँक दर ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याजाचा दर २०.२५ टक्के. धागालेखकांच्या ११ लाख ४० हजारांवर त्या दराने पहिल्याच महिन्याला १९ हजारांहून थोडे अधिक व्याज होते. हे व्याज खरेदीदाराला आयकरात वजावट म्हणून घेता येत नाही. वाद झाला तर सुविधा परिषदेकडे (याच कायद्याखाली असे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे) जाता येते. खरेदीदाराला परिषदेच्या निवाड्याविरुद्ध न्यायालयात जायचे असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. साध्या दिवाणी दाव्यात असे बळ लहान माणसाला कुठेच मिळत नाही. नोंदणी गेली की हे सर्व गेले, आणि नंतर पुन्हा नोंदणी केली तरी मधल्या काळातल्या मालासाठी ते मिळणे कठीण. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गुजरातमधील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीपूर्वीच्या पुरवठ्याला हा लाभ मिळणार नाही असे स्पष्ट म्हटले. २०२५ च्या जानेवारीत दुसऱ्या पीठाने नोंदणीच्या वेळेचा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला आहे. पण त्या आशेवर आज धंदा चालवू नये.

परिषदेच्या वेगाबद्दल मात्र खोटी आशा दाखवणार नाही. कायद्यात ९० दिवस लिहिले आहेत. माझ्या एका अशिलाच्या प्रकरणाला अडीच वर्षे लागली. आणि थकबाकी वर्षानुवर्षे वहीत ठेवू नका. नागपूरच्याच एका पुरवठादाराच्या आणि राज्य वीज मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ठरवले की, परिषदेपुढच्या समेटाला मुदतीचा कायदा (दावा किती वर्षांत करायचा ते ठरवणारा) आड येत नाही, पण समेट फसून प्रकरण लवादात गेले की तो लागू होतो. तीन वर्षांची मर्यादा ध्यानात असू द्या.

आता सर्वात उपयोगाची गोष्ट. आपल्याकडे बहुतेक कंपन्या मुदत जीआरएनच्या (माल घेतल्याच्या त्यांच्या अंतर्गत नोंदीच्या) तारखेपासून मोजतात. माल गेटमधून आत जातो, मग आठ-दहा दिवस "तपासणीत आहे" असे सांगतात, मग जीआरएन निघतो. कायद्यात तसे नाही. माल प्रत्यक्ष पोचला तोच स्वीकाराचा दिवस. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली, तरच तो दिवस पुढे जातो. तोंडी हरकतीला किंमत नाही. म्हणजे आपला खरा पुरावा जीआरएन नव्हे, गेटवरच्या तारखेचा चलनाचा (मालासोबत जाणाऱ्या पावतीचा) कागद आहे. तो आपल्या फाइलमध्ये असतो का?

भोसरीची_लेथ

नसतो. टेम्पोवाला दुय्यम प्रत घेऊन येतो, त्यावर कधी सही असते, कधी नुसती रेघ. तारीख जवळजवळ कधीच नसते. वकीलसाहेब, हे वाचून आज दुपारी मी गेल्या सहा महिन्यांची चलने काढून बसलो. ६३ चलनांपैकी १४ वर तारीख सापडली.

पालिका_कंत्राटदार

थोडे विषयांतर. मी नगरपालिकेला पाण्याचे पंप पुरवतो आणि दुरुस्तीची कामेही घेतो. तिथे तर दीड-दीड वर्ष बिल निघत नाही. या नियमाचा आम्हाला काही उपयोग?

सांगलीचा_सीए

आयकराच्या धाकाचा उपयोग नाही, कारण नगरपालिका व्यवसायाच्या नफ्यावर कर भरत नाही. वजावट गेली तरी तिचे काही बिघडत नाही. २००६ च्या कायद्यातले व्याज मात्र पालिकेलाही लागू पडते.

नागपूर_वकील

त्यात भर. पंप पुरवल्याचे बिल वेगळे आणि कामाचे कंत्राट वेगळे ठेवा. माल आणि मजुरी एकत्र असलेल्या कंत्राटांना हा कायदा लागू नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलेले आहे. शुद्ध पुरवठ्याचे बिल सुटे असेल तर आपली बाजू बळकट राहते.

श्टुटगार्टहून_अमेय

मी इथे एका यंत्रनिर्मिती कंपनीत पुरवठा विभागात आहे. आमचे काही पुरवठादार पुणे आणि कोल्हापूरचे आहेत. युरोपात २०११ चा उशिराच्या देयकांबाबतचा निर्देश आहे. सरकारी खात्यांना ३० दिवस, कंपन्यांना आपसात साधारण ६० दिवस आणि पुढे उशीर झाला तर संदर्भदरावर किमान ८ टक्के अधिक व्याज, शिवाय वसुलीच्या खर्चापोटी ४० युरो. इथेही लहान पुरवठादार व्याज मागायला कचरतो. फरक इतकाच दिसतो की इथे बिल पोचल्याची तारीख वादात नसते. माल उतरतो त्याच मिनिटाला स्कॅन होतो आणि पुरवठादाराला संदेश जातो. वकीलसाहेबांचा गेटच्या चलनाचा मुद्दा मला म्हणूनच सर्वात मोलाचा वाटला.

किराणा_घाऊक_लातूर

माझ्याकडेही उद्यम प्रमाणपत्र आहे, पण मी डाळीचा घाऊक व्यापारी आहे. माझे येणे असलेल्यांना मी हा नियम दाखवू शकतो का?

सांगलीचा_सीए

नाही. घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना जुलै २०२१ मध्ये उद्यम नोंदणी खुली झाली, पण ती फक्त अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरती. उशिराच्या देयकांचे संरक्षण त्यात नाही. आपली डाळ मिल असेल आणि आपण स्वतः डाळ तयार करून विकत असाल, तर गोष्ट वेगळी. कापडपेठ यांची तक्रार नेमकी इथेच आहे आणि ती मला रास्त वाटते.

खरेदीदारांसाठीही एक सूचना. १ एप्रिल २०२५ पासून व्याख्या बदलल्या आहेत. पूर्वी ५० कोटींपर्यंत उलाढालीचा उपक्रम लघु असे, आता १०० कोटींपर्यंतचा. यंत्रसामग्रीतली गुंतवणूक १० कोटींऐवजी २५ कोटींपर्यंत. काल मध्यम म्हणून यादीबाहेर असलेले किती तरी पुरवठादार आज लघु आहेत आणि त्यांची देणी नियमात येतात. जुन्या प्रमाणपत्रांवर विसंबून राहू नका.

चाकण_व्हेंडर

वकीलसाहेबांचा प्रतिसाद दोनदा वाचला. व्याजाचा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता. माझे मत पूर्ण बदललेले नाही, कारण नवे प्रेस माझ्या डोळ्यांसमोर उभे आहेत. पण पतहमीच्या कर्जाचा मुद्दा मला ठाऊक नव्हता. माझे नूतनीकरण सप्टेंबरमध्ये आहे. उद्याच शाखेत जाऊन विचारतो.

निवृत्त_शाखाधिकारी

अवश्य जा, आणि मंजुरीपत्र सोबत न्या. हमीचा उल्लेख त्यात अटींच्या भागात असतो.

भोसरीची_लेथ

मंडळी, सात आठवड्यांनी परत येतो आहे. सर्वांनी मनापासून लिहिले, म्हणून काय झाले ते सांगणे माझे कर्तव्य समजतो.

नोंदणी रद्द केली नाही. मृण्मयीताईंनी सांगितल्याप्रमाणे पत्र वित्त विभागाला आणि प्रत कंपनी सचिवांना पाठवली. पत्र वडिलांनी दोनदा वाचले आणि त्यातला "हक्क" हा शब्द काढून "नियमानुसार" असा घालायला लावला. नऊ दिवस काहीच उत्तर आले नाही. त्या नऊ दिवसांत घरात कोणी नीट जेवले नाही. मग वित्त विभागातून फोन आला आणि भेटायला बोलावले.

ते चांगले बोलले. नव्या परचेस ऑर्डरवर ४५ दिवस लिहून द्यायला तयार झाले, पण जीआरएनच्या तारखेपासून. मी त्यांना कायद्यातला स्वीकाराचा दिवस दाखवला. त्यावर चर्चा लांबली. शेवटी ऑर्डरवर "माल मिळाल्यापासून" असे शब्द आले. ट्रेड्सबद्दल विचारले. नोंदणी आहे, पण वापर अजून सुरू केलेला नाही, असे उत्तर मिळाले. ते मी लेखी मागून घेतले आहे.

काही गमावलेही. बुशचे एक काम त्यांनी दुसऱ्याकडे वळवले, महिन्याला साधारण ८० हजारांचे. त्याचा संबंध आमच्या पत्राशी आहे की नाही, ते कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. जुन्या ११ लाख ४० हजारांपैकी ७ लाख ४० हजार आले, ४ लाख अजून बाकी आहेत. नव्या ऑर्डरचे पहिले बिल मात्र ४४ व्या दिवशी खात्यात जमा झाले. सकाळी मोबाइलवर संदेश आला, तेव्हा मी भावाला मशीन थांबवून दाखवला.

कापडपेठ_इचलकरंजी

आनंद झाला. मीही तीन मागवाल्यांशी ४५ दिवसांचा लेखी करार केला आहे. दर दोन टक्के उतरवून घेतला आणि त्यांनी तो राजीखुशीने दिला. करार नसता तर मला १५ दिवसच मिळाले असते, हे या धाग्यामुळेच कळले.

मागावरचा_संजय

भोसरीकर, चलनावर तारीख कशी घेता, ते सांगाल का? आमच्याकडे वहीवर नुसती सही असते.

भोसरीची_लेथ

रबरी शिक्का करून घेतला आहे. दुय्यम प्रतीवर आमच्याकडूनच मारून पाठवतो. मजकूर असा: "माल मिळाला. दिनांक ____ वेळ ____ सही ____. पुरवठादार सूक्ष्म उपक्रम, उद्यम नोंदणी क्रमांक बिलावर. देय मुदत करारानुसार माल मिळाल्यापासून ४५ दिवस." तारखेची जागा कोरी ठेवा. ती त्यांच्या गेटवरच्या माणसाने त्याच्या पेनाने भरली पाहिजे, आणि टेम्पोवाल्याला सांगून ठेवा की तारीख पडल्याशिवाय गाडी हलवायची नाही.